आबांना विचारा

माझा आवाज मोठा आहे. धुळ्यात देवपूरच्या मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं खेळ शिकवला. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोरीला "अगं खो दे, खो!" असं सांगायचं तर आवाज मोठाच लागतो. घरात त्यावरून मला कायम टोमणे बसले. जळगावच्या दवाखान्यात आयसीयूच्या काचेच्या दारात सिस्टर मला म्हणाली, "मॅडम, हळू बोला, आत पेशंट आहेत." मी म्हटलं, "आत पेशंट आहेत हे तुम्हाला माहीत आहे ना? मग त्यांना विचारा की!" बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. पुढे नातेवाइकांत या वाक्याला तिखटमीठ लागत गेलं आणि शेवटी मी दवाखान्यात भांडून बापाला उचलून आणलं, असं झालं. म्हणून खरं काय झालं ते मीच सांगते.

आबा म्हणजे माझे वडील. एक्याऐंशी वर्षांचे. पारोळ्याच्या पुढे, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबा एकटे राहत, शेजारच्या घरातून चुलत भावाची बायको जेवण आणून द्यायची आणि त्यात मीठ कमी असल्याचं ते रोज तिला सांगायचे. आम्ही दोनच भावंडं. मोठा भाऊ जळगावला, मेहरूणमध्ये, सरकारी नोकरीतून नुकताच रिटायर झालेला. त्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो.

आबांना खोकला लागला, वजन उतरलं, भाऊने त्यांना जळगावला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांच्या केबिनमधून भाऊ बाहेर आला आणि मला जिन्याजवळ बाजूला घेऊन म्हणाला, "फुफ्फुसात गाठ आहे. लिव्हरपर्यंत गेलीय. आता उपाय नाही म्हणाले." एवढं बोलून तो भिंतीला टेकून उभा राहिला. साठीचा माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मग म्हणाला, "आबांना कळता कामा नये. धसका घेतील. कफ झालाय म्हणून सांगायचं."

मी मान हलवली. मी, जिने शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरींना उन्हात उभं केलं. आजही स्वतःचा राग येतो तो त्या मान हलवण्याबद्दल.

त्यानंतर पंधरा दिवस आमच्या घराण्यात एक नाटक चाललं. गावाहून, धुळ्याहून गाड्या भरून माणसं भेटायला येत. बाहेर बाकड्यावर बसून बायका डोळ्यांना पदर लावत, पुरुष माझ्याकडे बघून नुसती मान डोलवत, आणि मग तोंड धुऊन सगळे आत जाऊन आबांना आमच्या अहिराणीत म्हणत, "आज तोंडावर तेज शे आबा!" बिस्किटाचे पुडे टेबलावर साचत गेले. आबांना बिस्किटं गिळवत नव्हती. दवाखान्यात फरशी पुसायला येणाऱ्या बाईलाही आबांना काय झालंय ते ठाऊक होतं. ज्याला झालं होतं तो एकटा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

एके सकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्यांनी विचारलं, "माय, माले काय व्हयेल शे?"

लाडात असले की ते मला माय म्हणत.

"कफ शे आबा. छातीमा साचेल शे."

त्यांनी छताच्या पंख्याकडे बघितलं, सलाइनच्या बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "इतला मोठा दवाखाना, कफसाठे?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी तेलाची वाटी घेऊन तशीच बसले. त्यांनी मला पकडलं होतं, आणि माझी लाज राखायला पुढे काही विचारलं नाही.

इथे आबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात कोणी गेलं की तिरडी बांधायला आबांना बोलावणं येई. पैसे घेऊन करायचं काम नाही ते. पण सगळ्यांना ते जमत नाही आणि ज्याला जमतं त्याला उठावंच लागतं. आबा जेवता जेवता हात धुऊन उठत. बांबू कुठला घ्यायचा, आडव्या पट्ट्या किती, सुतळीची गाठ कुठे मारायची, सगळं त्यांच्या हातात होतं. चार खांदे कमी-जास्त उंचीचे असले तरी आबांच्या बांधणीत प्रेत हलायचं नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि त्यांना तिचा अभिमानही होता. मरणाला भिणारा हा माणूस नव्हता. आम्ही भीत होतो आणि भीती त्यांच्या नावावर खपवत होतो.

काही वर्षांपूर्वी माझे काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात चाळीस दिवस मशीनवर होते. तोंडात नळी, नाकात नळी. नळी उपटून काढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या दांड्यांना बांधलेले. आबा काचेतून ते बघून आले.  ओट्यावर बसल्यावर मला म्हणाले, "आम्ही मरेल मानूसले बांधतस. त्यासनी जित्ता मानूसले बांधं." मग भाऊकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "माले असं करू नका."

भाऊने "हो आबा" म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. कोणी लिहून ठेवलं नाही. कायद्याने आता असं लिहून ठेवता येतं म्हणतात, पण आमच्याकडे बापाच्या मरणाबद्दल कागद करायचा म्हणजे बापाच्या मरणाची वाट बघणं. तेवढं लोकांनी नक्की म्हटलं असतं.

सोळाव्या दिवशी आबांना धाप वाढली आणि त्यांना आयसीयूत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. पस्तिशीचा असेल, डोळे तांबारलेले, बोलायला मऊ. त्यांनी भाऊकडे बघून सांगितलं की ऑक्सिजन मास्कवर भागत नाहीये, व्हेंटिलेटर लावावा लागेल, संमतीपत्रावर सही करा. सिस्टरने कागद पुढे केला. 'नातेवाइकाची सही' या ओळीपुढे पेन्सिलने आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती. वर 'रुग्णाची सही' अशीही ओळ होती. तिच्यापुढे खूण नव्हती.

भाऊने खिशातून पेन काढलं.

मी विचारलं, "डॉक्टर, मशीन लावल्यावर ते बरे होतील का?"

"मूळ आजार तर राहणारच. पण श्वासाला आधार मिळेल."

"किती दिवस? नंतर निघेल मशीन?"

 खरं सांगायचं त्यांनी ठरवलं असावं. "निघण्याची शक्यता फार कमी आहे. बहुतेक नाहीच."

"मग आबा बोलू शकतील? ओळखतील आम्हाला?"

"झोपेचं औषध द्यावं लागतं. बोलणं होणार नाही."

"आणि हात?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. भाऊला कळला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर कागदाकडे वळवली. "लोक काय म्हणतील?" तो हळू आवाजात म्हणाला. "पोरगा जळगावात बंगला बांधून बसला आणि बापाला मशीन लावलं नाही म्हणतील. मी करतो सही."

"आबा शुद्धीवर आहेत का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"आहेत. ओरिएंटेड आहेत, सगळं कळतंय त्यांना."

"मग त्यांना विचारा."

"मॅडम, अशा गोष्टी आपण पेशंटला विचारत नाही. ते खचतात. आणि निर्णय साधारणपणे मुलगाच..."

तेव्हा माझा आवाज चढला. सिस्टरने मला हळू बोलायला सांगितलं आणि मी ते वाक्य बोलले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. शर्ट कोणत्या रंगाचा घ्यायचा ते आबांना विचारत होतो. पोळा कसा करायचा, विहिरीचा गाळ कधी काढायचा, नातीला स्थळ कुठलं बघायचं, सगळं त्यांना विचारत होतो. त्यांच्या स्वतःच्या नरड्यात नळी घालायची तेवढी मात्र त्यांना न विचारता. हा कुठला मान? म्हातारं माणूस म्हणजे काय कपाटावर ठेवलेली बॅग, की कोणीही उचलावी आणि कुठेही ठेवावी?

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही विचाराल का? मी बरोबर येतो."

मी चपला काढून आत गेले. आबा उशीला टेकून बसलेले, मास्कमधून धापा टाकत होते. मी त्यांच्या कानाशी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू आवाजात बोलले असेन.

"आबा, मी खोटं बोलनू. कफ नही शे. गाठ शे. फुफ्फुसमा शे, लिव्हरमा बी गयी."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "बरी व्हई?"

"नही."

"मशीन लावावर?"

"तरी नही. श्वास चालू राही. बोलनं बंद व्हई."

"मंग काबर लावतस?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांना अहिराणी कळत होती की नाही माहीत नाही, पण 'मग कशाला लावता' हा प्रश्न कळला.  आबांनी मास्क बाजूला केला आणि मला बजावल्यासारखं म्हणाले, "घर चाल." मग दम घेऊन, "हाई पंधरा दिन आगोदर सांगती तं?"

खचले नाहीत ते. चिडले. माझ्यावर, आणि बरोबर चिडले. मी रडत होते आणि ते मला रागाने बघत होते आणि त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला माझे आबा दिसले.

बाहेर आल्यावर भाऊ माझ्याशी बोलेना. आम्ही 'डामा' घेणार म्हटल्यावर सिस्टरने दुसरा कागद काढला. डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेणं. त्यावर लिहिलेलं असतं की पुढे जे होईल त्याची जबाबदारी आमची. याही कागदावर खूण नातेवाइकाच्याच ओळीपुढे. मी तो कागद पॅडला लावून आत नेला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी 'रुग्णाची सही' या ओळीवर सही केली. मराठीत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मधे दोनदा थांबून. खाली मी केली.

डॉक्टरांना म्हटलं, "आता औषधं लिहून द्या."

"डामामध्ये आम्ही सहसा प्रिस्क्रिप्शन देत नाही मॅडम. सल्ल्याविरुद्ध नेताय ना तुम्ही."

"सल्ल्याविरुद्ध नेतेय, पण सल्ला तर द्या! मशीन नको म्हटलं म्हणून माणसाने धापा टाकत, तडफडत मरायचं, अशी शिक्षा आहे का?"

तो भला माणूस खुर्चीत बसला. त्याने डोळे चोळले आणि लिहायला घेतलं. धाप कमी करायच्या गोळ्या, जिभेखाली धरायचं औषध, भाड्याने मिळणारं ऑक्सिजनचं यंत्र, खोली मोकळी ठेवा, पंख्याची हवा तोंडावर येऊ द्या, पडून श्वास लागत असेल तर बसवून ठेवा. दोन पानं भरली. शेवटी स्वतःचा नंबर लिहून म्हणाला, "हे आम्हाला कोणी विचारतच नाही." मी म्हटलं, "तुम्ही सांगत नाही म्हणून." तो हसला नाही, पण त्याला राग आला नाही.

आता गावाला कळवायचं होतं. मी चुलत भावाला फोन लावला. "आबाले घर ली यी राहिनूत. जित्ता शेतस. बोली राहिनात. खोली साफ करी ठेव."

 मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हाव अक्का. हाव. समजी गयं."

"अरे, खरंच जित्ता शेतस!"

"हाव ना अक्का. तू आते सांभाळ."

मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे मयताची बातमी फोनवर कोणी देत नाही. 'तब्येत जास्त शे, या,' एवढंच सांगतात. येणाऱ्याने रस्त्यात हंबरडा फोडू नये, गाडी नीट चालवावी म्हणून. आणि दवाखान्यातून रुग्णवाहिकेत घरी आणतात ते बहुतेक गेलेलंच माणूस असतं. 'श्वास चालू शे' असं वरून सांगायचं, म्हणजे घरी येऊन प्राण सोडला असं म्हणता येतं. ही रीत सगळ्यांना पाठ. त्यामुळे मी जितकं ठासून सांगितलं की आबा जिवंत आहेत, तितकी ते गेल्याची चुलत भावाची खात्री पटत गेली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. आबा खिडकीतून कपाशीकडे बघत होते. पाऊस कुठे किती झाला ते शेत बघून सांगत होते, मास्कमधून, तुटक तुटक. भाऊ समोरच्या बाकावर माझ्याकडे न बघता बसला होता.

गाडी गल्लीत वळली आणि मी डोक्यालाच हात लावला. अख्खं गाव दारात. दोन्ही दुकानं बंद. सुरतेचे पाहुणे निघाल्याचा फोन येऊन गेलेला. भिंतीला दोन बांबू उभे केलेले, खाली सुतळीचं बंडल, शेजारी नवं मडकं. रुग्णवाहिकेचं दार उघडताच आबांची धाकटी बहीण, माझी आत्या, जी पिंपळनेरहून जीप करून आली होती, ती "मना भाऊ रे!" म्हणून पुढे झेपावली आणि तिच्यामागे सगळ्या बायकांनी गळा काढला.

आबांनी मास्क खाली ओढला. "कोन मरी गया रे?"

रडणं तोडल्यासारखं थांबलं. आत्या उघड्या तोंडाने तशीच उभी राहिली. चुलत भाऊ पुढे आला.  "कोनी नही आबा."

"मंग बठ्ठा काबर जमनात?" आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. बांबू दिसले. ते तिकडे बघत राहिले. वाटलं, आणलं ते चुकलंच. इथे, स्वतःच्या दारात, या माणसाला काय दाखवलं मी! मग आबांनी बोट उचललं. "डावीकडला बांबू वला शे. वाकी जाई. बदल."

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही. पण हसले सगळे. चुलत भाऊ हसता हसता रडायला लागला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याशी खोटं बोललो, पाहुण्यांशी खोटं बोललो, आणि एकदा मी खरं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. यात लोकांचं काय चुकलं?

आबा सतरा दिवस जगले. ते दिवस गोड होते असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्या माणसांनी कोणाचं मरण जवळून बघितलेलं नसतं. आबा अंथरूण खराब करायचे आणि लाजेने माझ्यावर ओरडायचे. वीज गेली की ऑक्सिजनचं यंत्र बंद पडायचं आणि मी, भाऊ आणि चुलत भाऊ वर्तमानपत्राने वारा घालायचो. सहाव्या दिवशी दुपारी अशी धाप लागली की त्यांचे ओठ निळे पडले. भाऊ ओरडला, "गाडी बोलव! परत नेऊ!" आणि मी फोन हातात घेतला. घेतला होता, कबूल करते. आबांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. मी जळगावच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं औषध जिभेखाली ठेवलं, आबांना बसवलं, मागून छातीला आधार दिला. अर्ध्या तासाने श्वास खाली आला. तो अर्धा तास मी देवाला इतक्या शिव्या दिल्या की देवाने माझं नाव कायमचं काढून टाकलं असेल.

पण त्या सतरा दिवसांत आबांनी विहिरीच्या वाट्यावरून तीस वर्षं न बोलणाऱ्या शेजाऱ्याला बोलावून घेतलं. चुलत भावाच्या बायकोला सांगितलं की तिच्या हातचं मीठ कमी असायचं ते खरंच, पण भाकरी चांगली असायची. भाऊला ते रोज हाताने जवळ बोलवत आणि तो येऊन पायाशी बसे. काय बोलले ते मला माहीत नाही. मी तेवढा वेळ मुद्दाम अंगणात जायचे. अठराव्या दिवशी सकाळी, चहाचे दोन चमचे घेतल्यावर, ते गेले. घरात आम्ही होतो. माझ्या आवाजासकट.

नंतर लोक दारावर बसायला येऊ लागले. ओट्यावर सतरंजी, एकेका गावची माणसं येऊन घटकाभर बसून जाणार. आणि तिथेच ते सुरू झालं. आधी कुजबुज, मग उघड. आत्याने चार लोकांत मला विचारलं, "सतरा दिन जगना ना मना भाऊ? मंग दवाखानामा आजून जगता. तूच ली उनी त्याले. तूच मारं."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "हाव, ली उनू. त्यासनी सांगं म्हनीसन ली उनू. उद्या परत तसंच करसू." आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती उठून उभी राहिली. लेकीला बापाच्या बाबतीत सही करायचा अधिकार कोणी दिला, असं कोणीतरी मागून म्हणालं. मी त्या दिशेला वळणार, तेवढ्यात भाऊ बोलला. लोक बसायला येऊ लागल्यापासून पहिल्यांदाच बोलला.

"डॉक्टरांनी मला विचारलं," तो म्हणाला. "मी पेन काढलं. आबा दाराच्या पलीकडे, दहा पावलांवर, जागे होते. मी त्यांना विचारलं नाही. हिने विचारलं." त्याने सतरंजीचा सुटा दोरा ओढायला सुरुवात केली. "आबांनी मला घरी आल्यावर रोज जवळ बोलावलं. ते मशीनवर असते तर मला तेवढंही मिळालं नसतं. कोणाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

 कोणाला पटलं नाही. तोंडं तशीच राहिली. आत्या त्याच दिवशी, पाणीही न घेता, पिंपळनेरला निघून गेली. जाताना दारात मला म्हणाली की माझं तोंड तिला पुन्हा बघायचं नाही. मी म्हटलं, नका बघू. आजही मला त्या लोकांची समजूत काढायची नाही. ज्याला वाटतं की मशीनवरचे चाळीस दिवस माझ्या बापाच्या सतरा दिवसांपेक्षा जास्त होते, त्याने ते स्वतःसाठी ठेवावेत, आणि आधी स्वतःच्या बापाला विचारून घ्यावं.

वर्षभराने, एका रविवारी सकाळी, पिंपळनेरहून फोन आला. आत्याचा. वर्षात पहिला. "आज ये," एवढं म्हणाली. तब्येत कशी आहे विचारलं तर फोन ठेवून दिला.

मी साक्रीमार्गे एसटीने गेले. दारात तिच्या दोन्ही मुलांनी मला अडवलं. डोळे सुजलेले, आवाज दबका. एकाने मला खांद्याला धरून बाजूला घेतलं आणि पुटपुटला, "अक्का, आईला काही माहीत नाही. आम्ही अशक्तपणा आहे म्हणून सांगितलंय. तू फक्त बरी दिसतेस म्हण."

आत आत्या पलंगावर बसली होती. निम्मी झाली होती. तिने मुलांना बाहेर जायला सांगितलं आणि मला दाराला कडी लावायला लावली. मग माझ्याकडे बघितलं, जिचं तोंड तिला बघायचं नव्हतं तिच्याकडे.

"बठ्ठा माले अशक्तपना शे म्हनतस," ती म्हणाली. "तू खोटं नही बोलशी. गादीखाले फाईल शे, इंग्रजीमा. वाच."

बाहेरून मुलं दार वाजवत होती. मी गादी उचलून फाईल काढली, चष्मा लावला, आणि पहिल्या पानापासून तिला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली.